१६ ऑगस्टनंतरचं चिमूर

दरवर्षी १६ ऑगस्टला चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूरच्या शहिदांची आठवण निघते, शौर्यावर भाषणं होतात, आणि त्यांतला एक सूर मला आता सोसवत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीचं शौर्य म्हणजे हातात शस्त्र आणि गळ्यात फास, असा तो सूर. पुढे चिमूरच्या बायकांनी जे केलं, ते ‘अत्याचार’ या सदरात जातं आणि त्या बायका बिचाऱ्या ठरतात.

बाबुराव शेडमाक्यांपुढे मी मनापासून नतमस्तक आहे. १८५८ मध्ये या गोंड जमीनदारपुत्राने तरुणांची फौज उभारून राजगड परगणा घेतला, नांदगाव-घोसरीला इंग्रजी फौजेशी झुंज दिली. अहेरीच्या जमीनदारीनेच त्यांना इंग्रजांच्या हवाली केलं. २१ ऑक्टोबरला चांद्याच्या तुरुंगात ते फाशी गेले, तेव्हा त्यांचं वय अवघं पंचवीस होतं.

चिमूरची गोष्ट मात्र इतकी सरळ नाही. ‘चले जाव’ चळवळीतली १६ ऑगस्ट १९४२ ची नागपंचमी, तुकडोजी महाराजांच्या भजनांनी पेटलेलं गाव, मिरवणूक, गोळीबार. बालाजी रायपूरकर कोवळ्या वयात पडला. खवळलेल्या जमावाने उपविभागीय अधिकाऱ्यासह काही सरकारी माणसं मारली. तो संताप मला कळतो, पण त्या हत्यांना शौर्य म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मग लष्कर आलं. पुरुषांना धरून नेलं आणि सैनिक घराघरांत शिरले. बायकांवर बलात्कार झाले. काँग्रेसच्या अनसूयाबाई काळे आणि इतर स्त्रिया गावात आल्या, तेव्हा चिमूरच्या बायका बोलल्या. घरचा माणूस कोठडीत, दाराशी बंदुका, पोरींची लग्नं व्हायची, भावकीची नजर प्रत्येक उंबऱ्यावर. अशी गोष्ट माहेरच्या आईलाही सांगायची नाही, हीच त्या काळची रीत. तरी त्यांनी परक्यांपुढे तोंड उघडलं. रागाच्या भरात लाठी उचलणाऱ्याच्या पाठीशी जमाव असतो. या बायकांच्या पाठीशी त्या घडीला कोणी नव्हतं. मध्य प्रांताचे गव्हर्नर ट्वायनम यांच्या सरकारने चौकशी नाकारली आणि बातम्यांवर बंदी घातली.

त्या बोलल्या म्हणून गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमातले प्राध्यापक भन्साळी उठले. दिल्लीला व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात लोकनायक अणे होते, चिमूरच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्याचे. भन्साळी त्यांच्या दाराशी गेले, चौकशी मागितली आणि अन्न सोडलं. सरकारने त्यांना पकडून सेवाग्रामला परत आणलं. ते चिमूरच्या वाटेने चालू लागले. पुन्हा पकडले गेले, तरी उपास सुटला नाही. ६३ दिवस! बातमीबंदीच्या निषेधार्थ जानेवारी १९४३ मध्ये देशभरातल्या वृत्तपत्रांनी एक दिवस अंक काढला नाही. १२ जानेवारीला समझोता होऊन उपास सुटला. बंदी उठली, चौकशी मात्र झाली नाही.

म्हणून मला वाटायचं, बालाजीच्या शेजारी या बायकांचीही नावं कोरली पाहिजेत. आज तसं वाटत नाही. त्यांनी न्यायासाठी साक्ष दिली, स्मारकासाठी नाही. न्याय मिळाला नाही. आता त्यांच्या नातवंडांच्या गावात चौकात ती नावं लावायची, म्हणजे त्यांनी मोठ्या कष्टाने परक्यांच्या हाती दिलेली गोष्ट त्यांना न विचारता पुन्हा वाटायची. भन्साळींचं नाव घेता येतं, कारण त्यांचं सोसणं त्यांनी स्वतः निवडलं होतं. या बायकांनी सोसणं निवडलं नव्हतं, निवडलं ते फक्त बोलणं.

स्मृतिदिनाच्या भाषणात त्या बोलण्याची हकीकत आली पाहिजे: कोणी चौकशी मागितली, कोणी नाकारली, कोणत्या पत्रांनी अंक बंद ठेवले. साक्ष देणाऱ्यांची नावं न घेता, आणि शौर्य याच सदरात.