अगोदर कळले, पण पुढे काय?



घरातल्या वडीलधाऱ्यांचा हात थरथरू लागला की आपण ‘वय झाले’ असे म्हणून विषय संपवतो. अक्षर बारीक होत जाते, वास येईनासा होतो, चालताना पाय घासतो. ही पार्किन्सन्सची म्हणजे कंपवाताची लक्षणे असू शकतात. या रोगात मेंदूतील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात. हालचालींत रोग दिसू लागेपर्यंत त्यांतल्या बऱ्याच गेलेल्या असतात.

हा रोग अगोदरच हेरण्यासाठी आता कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेतली जात आहे. २०२२ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी झोपलेल्या माणसाला स्पर्शही न करता, त्याच्या श्वासावरून रोग ओळखू पाहणारी पद्धत मांडली. २०२३ साली ब्रिटनमधील संशोधकांनी एक लाखाहून अधिक लोकांनी आठवडाभर मनगटावर बांधलेल्या उपकरणांच्या नोंदी तपासल्या. निदानाच्या सात वर्षे आधीपर्यंत हालचाली मंदावल्याची खूण त्यांत सापडली. अर्थात अशी साधने चुकूही शकतात. निदान डॉक्टरांनी तपासूनच करायचे असते.

परंतु हा रोग थांबवणारे औषध अजून नाही. आजची औषधे लक्षणे सुसह्य करतात. मग सात वर्षे आधी कळून काय साधणार? ती वर्षे भीतीतच काढायची का?

आपल्या पानशेतचा इतिहास येथे काही सांगतो. जुलै १९६१ मध्ये धरण खचू लागले तेव्हा जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. धरण वाचले नाही. १२ जुलैला ते फुटलेच. पण फुटणे काही तास लांबले आणि लोंढा पुण्यात रात्रीऐवजी दिवसाउजेडी शिरला. त्या तासांनी पाणी अडवले नाही, माणसांना निसटायला वेळ दिला. मात्र ज्याला कोणी वेळेवर सांगितले, ज्या म्हाताऱ्याला कोणी हात धरून उंचावर नेले, त्यालाच तो वेळ उपयोगी पडला.

रोगाची पूर्वसूचनाही अशीच आहे. यंत्र वेळ देईल, हात आपल्यालाच द्यावा लागेल. म्हणून आम्हांला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली, ज्याचे शरीर त्याची संमती. यंत्र नकळत पाहू शकते म्हणून मुलांनी वडिलांना न विचारता त्यांची तपासणी करू नये. ‘मला आताच जाणून घ्यायचे नाही’ असे म्हणण्याचा हक्कही त्यांना आहे. दुसरी, सांगणाऱ्याने सोबत राहावे. पुण्याच्या डॉक्टरांकडे कोण नेणार, रोजच्या व्यायामाला कोण बसणार, हे ठरवूनच तपासणीचा विषय काढावा. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ हा रुग्णांचा व कुटुंबीयांचा स्वमदत गट आहे. अशा सोबतीने धीर येतो.

फेब्रुवारी १९८६ मध्ये पुण्यात आलेले पोप जॉन पॉल दुसरे यांना पुढे हाच आजार झाला. थरथरता हात त्यांनी लपवला नाही. २००५ साली मृत्यू येईपर्यंत ते लोकांसमोर येत राहिले. दुर्बल झालेला माणूस कमी माणूस होत नाही, हे जगाने त्यांच्याकडे पाहून जाणले.

आपल्या शेजारी असा कोणी आहे का? मिस्सेनंतर त्याच्याजवळ थोडे थांबू या. त्याचे बोलणे सावकाश येईल. ते पुरे होऊ देऊ या.