पाहुण्यांची खोली

विसरणे हा अपराध की नुसता दोष, या प्रश्नाकडे मी पूर्वी कधी गंभीरपणे पाहिले नव्हते. जे लिहून ठेवता येते ते डोक्यात कशाला साठवा, असे माझे साधे मत होते. गेल्या जूनमधल्या एका रात्री ते मत डळमळले, आणि अजून ते नीट उभे राहिलेले नाही.

आमच्या घरातले दिवे, गिझर आणि पाण्याचा पंप एका लहानशा संगणकाच्या आज्ञेत आहेत. पत्त्यांच्या जोडाएवढा तो; टीव्हीच्या मागे धूळ खात पडलेला असतो. तिन्हीसांजेला अंगणातला दिवा लावणे, टाकी भरली की पंप थांबवणे, अशी त्याची कामे. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला काही उद्योग हवाच. मी कित्येक रविवार खर्ची घालून ही सारी व्यवस्था स्वतः बसवली. पाहुणे आले की मी नुसते बोलून दिवा लावून दाखवी, आणि ते ‘वा!’ म्हणत. सौभाग्यवती मात्र स्वयंपाकघरात जाऊन हाताने बटण दाबी. त्या बटण दाबण्यात एक अभिप्राय होता. तो मला तेव्हा वाचता आला नाही.

वडील गेल्यावर, गेल्या मार्गशीर्षात, आई वाईचे घर बंद करून आमच्याकडे आली. तिची खोली बोळाच्या टोकाला आहे, आणि रात्री न्हाणीघरात जायचे तर तो बोळ ओलांडावा लागतो. मी तिच्या पलंगाखाली हालचाल ओळखणारी एक डबी बसवली. पाय जमिनीला लागले की बोळात मंद दिवा लागे. भिंतीवरचे जुने बटण मी वायरमनकडून काढून घेतले आणि तिथे कोरी पट्टी लावली; कारण कोणी ते बटण बंद केले की दिव्यामागच्या उपकरणाची वीजच तुटे आणि माझी सारी योजना फसे. एका दिव्याला दोन धनी नकोत, असे मी मोठ्या ऐटीत म्हणालो होतो. आईच्या उशाशी बॅटरी आणि काड्यापेटी असे. तीही मी हसत हसत उचलून कपाटात ठेवली.

त्या रात्री दोनच्या सुमारास पावसात वीज गेली. पुन्हा आली, पुन्हा गेली, आणि मग एकदाची आली. दिवाणखान्यातले दिवे आपोआप पूर्ण तेजाने लागले, कारण वीज परतली की लागायचे, असा त्या जातीच्या दिव्यांचा धर्मच असतो. तिथे चिटपाखरू नव्हते, आणि दार बंद होते. बोळातला दिवा मात्र लागला नाही. साडेपाचला मी उठलो, तेव्हा आई पलंगाच्या कडेवर पाय खाली सोडून बसली होती. किती वेळ, ते तिने सांगितले नाही.

“हाक का नाही मारलीस?”

“वाटलं, येईल आता. तूच केलंयस ना.”

तिला लागले नव्हते, ती पडली नव्हती. घडले ते एवढेच.

मी यंत्राकडे वळलो. अशा वेळी माणसाला यंत्राकडे वळणे सोपे वाटते. आधी अडॅप्टर बदलला, मग तार बदलली. तांबडा दिवा लागत होता, म्हणजे वीज पोचत होती. पण हिरवा लुकलुकत नव्हता, म्हणजे कार्ड वाचले जात नव्हते. त्या नखाएवढ्या कार्डावर घराची सारी स्मृती होती. लॅपटॉपमध्ये घालून पाहिले. त्यालाही ते ओळखता आले नाही.

अशा कार्डाची रीत अशी, की लिहिलेल्यावर पुन्हा लिहिता येत नाही. आधी एक अख्खा गठ्ठा पुसावा लागतो, मगच नवे लिहायचे. कुठले पान कुठे ठेवले याची यादीही कार्ड स्वतःच पोटात बाळगते. नेमक्या त्या घडीला वीज तुटली तर यादीच अर्धवट राहते. ग्रंथालयात पुस्तके शाबूत, पण सूची जळालेली, अशी गत होते. आणि माझे कार्ड तर अष्टौप्रहर लिहीतच होते. प्रत्येक खोलीचे तापमान दशांशापर्यंत, काही क्षणांच्या अंतराने. ते आकडे मी कधी उघडून पाहिले नव्हते.

मी निर्धास्त होतो, कारण रोज रात्री तीन वाजता सर्व गोष्टींची राखीव प्रत निघत असे. ती कुठे ठेवली जाते हे आठवले तेव्हा मी मटकन खाली बसलो. त्याच कार्डावर! घराची दुसरी किल्ली घरातच ठेवून बाहेरून कुलूप लावण्यासारखा हा प्रकार. तीन प्रती, दोन निरनिराळ्या माध्यमांवर आणि एक घराबाहेर, हा नियम मी वाचला नव्हता असे नाही.

आमच्या पुण्यातच याचा केवढा दाखला आहे! भांडारकर संस्थेत १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले, ते १९६६ साली पुरे झाले. काश्मीरपासून केरळपर्यंतची हस्तलिखिते ताडून पाठ ठरवावे लागले. मूळ पोथी कोणाजवळच नव्हती. होत्या त्या प्रती, आणि प्रत्येकीत चुका. परंतु त्या वेगवेगळ्या गावी, वेगवेगळ्या लिप्यांत, वेगवेगळ्या हातांनी उतरलेल्या होत्या, म्हणून चुकाही वेगवेगळ्या होत्या. त्यामुळेच एकीची चूक दुसरीवरून उमगे. सगळ्या प्रती एकाच पेटीत असत्या तर एक वाळवी पुरली असती.

सुदैवाने भाद्रपदातली एक जुनी प्रत लॅपटॉपवर निघाली. नवे कार्ड आणून तीवरून घर पुन्हा उभे केले. अंगणातला दिवा शहाण्यासारखा लागला, पंपही ऐकू लागला. मग मी खोल्यांची यादी पाहिली. आईच्या खोलीपुढे लिहिले होते: ‘पाहुण्यांची खोली’. पलंगाखालची डबी, बोळातला दिवा, यांतले त्या प्रतीला काहीच ठाऊक नव्हते. तिच्या लेखी आई अजून वाईलाच होती. आणि वडीलही.

ती दोन शब्दांची ओळ बदलायला मला बराच वेळ लागला.

यंत्र विसरले याचा दोष यंत्राला देता येत नाही. विसरणारा दोषी असतोच असे नाही. पण ज्याने दुसऱ्याला आपल्या स्मृतीवर विसंबून राहायला लावले, त्याचे काय? कोणी म्हणेल, संसार हा विसंबण्यावरच चालतो. मी डॉक्टरवर विसंबतो, दूधवाल्यावर विसंबतो. खरे आहे. पण दूधवाला आला नाही तर मी दुकानात जाऊ शकतो. त्याने माझ्या दुकानाचा रस्ता खणून ठेवलेला नसतो. मी आईचे बटण काढले होते, काड्यापेटी उचलली होती. सोय दिली, आणि त्या बदल्यात तिच्या हातात होते ते काढून घेतले. तिला न विचारता.

यात नवे काही नाही, ही गोष्ट मला अधिक बोचते. वडील गेले तेव्हा पासबुके, विम्याचे कागद, घरपट्टीच्या पावत्या, सारे त्यांच्या एका लोखंडी पेटीत होते, आणि कशाचे काय हे त्यांच्या डोक्यात. आईला त्यांनी कधी त्रास पडू दिला नाही. “तू कशाला डोकं शिणवतेस?” हे त्यांचे नेहमीचे वाक्य. पुढे तीन महिने ती एकेक कागद हातात घेऊन मला विचारत होती, “हा कशाचा रे?” जन्मभर बँकेत काढलेला मी तेव्हा मनातल्या मनात त्यांच्यावर चिडलो होतो. त्या मायेत थोडे धनीपणही होते, असे माझे मत झाले होते. माझ्या मायेबद्दल मात्र माझे काही मत नव्हते.

आता बोळात बटण परत आले आहे. या खेपेस ते असे जोडले आहे, की संगणक मेला तरी दिवा हाताने लागतो. काड्यापेटी उशाशी गेली आहे. राखीव प्रत रोज निघते, आणि तिची एक नक्कल मुलीच्या घरी नाशिकला जाते. शिवाय देवघराच्या खणात एक लिफाफा आहे: घर पुन्हा कसे उभे करायचे, ते साध्या मराठीत, दोन पानांत. मागच्या रविवारी मी तो सौभाग्यवतीच्या हाती दिला, मुख्य बटण बंद करून पुन्हा लावले, जुने कार्ड काढून कोरे तिच्यापुढे ठेवले आणि खुर्चीवर गप्प बसलो. तिला पाऊण तास लागला. मध्ये एकदा ती थांबली.

“अहो, ‘नेहमीची तार’ असं लिहिलंय. नेहमीची म्हणजे कुठली?”

ती ओळ मी खोडून पुन्हा लिहिली.