पैलतीराचे अंतर

ज्या गोष्टीपासून आपल्याला आनंद होतो ती चांगली असलीच पाहिजे, असे मन सहज गृहीत धरते. परंतु तो आनंद दुसऱ्याच्या गैरसोयीतून उपजलेला असेल तर त्याचे काय करावे? हा प्रश्न मला कोणत्याही ग्रंथात भेटला नाही. तो भेटला मांडवी नदीच्या धक्क्यावर, फटफटीला टेकून उभा असताना.

मार्गशीर्षातील एका सकाळी आम्ही दोघे मित्र आपापल्या फटफट्या घेऊन पणजीहून निघालो. बेत साधा होता. रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीने चोडण बेटावर जावे, बेट ओलांडून मयेमार्गे नार्व्यास पोहोचावे, तेथून पुन्हा नदी उतरून दिवाडी बेटावर यावे आणि सायंकाळी शेवटच्या बोटीने जुन्या गोव्यास लागावे. बेटे दोन, बोटी तीन. हे सारे अंतर सलग सडकेवर थोडक्या वेळात संपले असते. आम्हांस सबंध दिवस लागला, आणि दिवसाचे सारे सुख त्या लागलेल्या वेळातच होते.

फटफटी हे मोठे अधीर वाहन आहे. मूठ पिळावी आणि पुढच्यास मागे टाकावे, एवढाच तिचा धर्म. धक्क्यावर मात्र तिची ऐट चालत नाही. बोट पैलतीरावर असते; ती येईल तेव्हा येईल. मग तिची लोखंडी फळी खाली येते आणि मोटारवाला, सायकलवाला, दप्तरे घेतलेली मुले, मासळीची पाटी घेतलेली बाई अशी सारी मंडळी एकाच बोटीत चढतात. यंत्र बंद केले की पाणी ऐकू येते. चोडणच्या धक्क्याजवळच खारफुटीचे दाट रान आहे. १९८८ साली ते पक्ष्यांसाठी राखून ठेवण्यात आले आणि त्याला डॉ. सलीम अली यांचे नाव दिले गेले. ओहोटीच्या चिखलात बगळे स्थिर उभे होते. त्यांच्याइतके निवांत आपणही होऊ शकतो, असे क्षणभर वाटून गेले.

दुपारी नार्व्यास सप्तकोटीश्वराचे दर्शन घेतले. हा देव मूळचा दिवाडीचा, कदंब राजांचे कुलदैवत. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखाली दिवाडीचे देऊळ पाडले गेले, तेव्हा भक्तांनी लिंग नदीपार नार्व्यास आणले. पलीकडच्या तीरावर त्या सत्तेचा हात पोहोचत नव्हता. पुढे १६६८ साली शिवाजी महाराजांनी येथील देवालयाचा जीर्णोद्धार केला. ज्या पाण्याने देवाला त्याच्या घरापासून तोडले, त्याच पाण्याने त्याचे रक्षणही केले.

नार्व्याच्या धक्क्यावर बोटीची वाट पाहत दिवाडीचे एक वृद्ध गृहस्थ बसले होते. सकाळपासूनच्या आनंदात मी त्यांना म्हणालो, "आजोबा, तुमचे भाग्य मोठे. येथे पूल होऊ नये. झाला तर ही शांती उरणार नाही."

ते रागावले नाहीत. सावकाश म्हणाले, "तुम्ही रात्री पणजीस असाल. माझ्या सुनेला मध्यरात्री कळा सुरू झाल्या, तेव्हा आम्ही धक्क्यावर उभे होतो. पैलतीरावरचे दिवे दिसत होते. बोट येत नव्हती. ते दिवे तुम्हाला सुंदर दिसले असते."

बाळ-बाळंतीण सुखरूप राहिल्याचे त्यांनी मागाहून सांगितले. परंतु माझ्या तोंडून शब्द फुटेना.

विचार करता वाटले की ऐच्छिक विलंब हा विलास आहे आणि सक्तीचा विलंब ही शिक्षा आहे. दोन्हींत घड्याळाचा काटा सारखाच फिरतो. भेद असतो तो परत फिरण्याच्या मुभेत. मी थांबलो होतो, कारण मला थांबायचे होते. ते थांबले होते, कारण दुसरा मार्ग नव्हता. जुलै १९८६ मध्ये पणजीजवळचा मांडवीवरील पूल कोसळला आणि १९९२ मध्ये नवा पूल खुला होईपर्यंत शहरवासीयांना फेरीबोटींवर मोठी भिस्त ठेवावी लागली. त्या काळात रांगेत उभ्या राहिलेल्या कोणा कारकुनाने संथ जीवनाचे स्तोत्र गायिल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

तर मग पूल झालाच पाहिजे, असे म्हणून मोकळे व्हावे काय? तेही मला सुचत नाही. बोटीत मी हाच विषय काढला, तेव्हा बेटावरच्याच एका तरुणाने उलट भीती बोलून दाखविली. पूल आला की त्यावरून रुग्णवाहिका येईल, आणि जमिनीचे दलालही येतील. ज्यांच्या देवाला एकदा नदीने वाचविले, त्यांनी आपल्या शेताभातालाही नदीनेच वाचवावे असे म्हटले, तर त्यास वेडगळ कसे म्हणावे? एकाच पाण्याचे एकाला भय वाटते, दुसऱ्याला आधार वाटतो. दोघेही त्या पाण्याचे मोल रोज मोजतात, म्हणून दोघांनाही बोलण्याचा अधिकार आहे. मी मोजले ते एका दिवसाचे, तेही हौसेने. मला मत असू शकेल. कौल देण्याचा अधिकार नाही.

मात्र या आनंदाचा मी त्याग करावा, असेही मला वाटत नाही. त्याने मला थांबण्याची गोडी दाखविली. ती खरी असेल तर पुलावरही टिकली पाहिजे, माझ्या घराच्या दारातही टिकली पाहिजे. जिच्यासाठी दुसऱ्याने अडून राहावे लागते, ती शांती माझी नव्हे. ती उसनी आहे.

दिवाडी ओलांडून आम्ही शेवटच्या बोटीत चढलो तेव्हा अंधारून आले होते. जुन्या गोव्याच्या धक्क्याला बोट लागली, फळी खाली आली. सवयीने माझा हात मुठीकडे गेला. शेजारी एक बाई झोपलेले मूल खांद्यावर घेऊन उभ्या होत्या. मी यंत्र सुरू केले नाही. त्या उतरून वर सडकेला लागल्या, मग मी फटफटी ढकलत बाहेर काढली.