व्यसनी माणूस : पापी की आजारी?

गर्दच्या व्यसनापायी गेलेल्या एका तरुणाच्या मातीला आम्ही गेलो होतो. दफनभूमीतून परतताना चार माणसांत नेहमीचे बोलणे सुरू झाले. 'स्वतःच्या हाताने मेला,' असे एकजण म्हणाला. 'तो आजारच होता, त्यात त्याचा काय दोष?' असे दुसऱ्याने म्हटले. मुलाची आई मागून चालत होती. तिने दोन्ही वाक्ये ऐकली असावीत. घराच्या पायरीशी आल्यावर ती मला म्हणाली, ''सर, माझा पोरगा पापी होता की आजारी होता, एवढं तरी कुणी सांगेल का मला?'' मी निरुत्तर झालो. त्या प्रश्नाचे ऋण थोडेफार फेडावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम हे विष काय आहे ते पाहू. अफूच्या बोंडातील चिकापासून मॉर्फिन मिळते आणि मॉर्फिनवर रासायनिक प्रक्रिया करून हेरॉइन तयार होते. १८९८ साली जर्मनीतील बायर कंपनीने ते चक्क खोकल्यावरचे औषध म्हणून बाजारात आणले होते! त्याचाच अशुद्ध, तपकिरी प्रकार १९८० नंतरच्या दशकात मुंबईत गर्द या नावाने पसरला. डॉ. अनिल अवचट यांनी 'गर्द' या पुस्तकातून मराठी वाचकाला त्या जगाचे दर्शन घडविले आणि १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता अवचट यांच्यासह मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभे केले.

वेदना शमविणारी आणि समाधान देणारी काही द्रव्ये परमेश्वराने मानवी मेंदूतच ठेवलेली आहेत. गर्द त्यांची जागा बळकावतो. काही काळाने मेंदूला त्याची सवय होते; तेवढ्याच सुखासाठी अधिक मात्रा लागते. पुढे तर सुखाचा प्रश्नच उरत नाही. गर्द मिळाला नाही की अंग मोडून येते, नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, पोटात मुरडा येतो, झोप उडते. पहिला झुरका माणूस मौजेसाठी घेतो. शंभरावा झुरका तो केवळ यातना टाळण्यासाठी घेत असतो. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही कृती एकसारख्याच दिसतात. नैतिक दृष्ट्या मात्र त्या एकच आहेत काय?

ख्रिस्तसभेची शिकवण येथे मोलाची ठरते. एखादे कृत्य महापाप ठरण्यासाठी तीन गोष्टी आवश्यक असतात : विषय गंभीर असावा, त्याची पूर्ण जाणीव असावी आणि मनाची पूर्ण संमती असावी. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथाने औषधोपचाराचा अपवाद सोडून अमली पदार्थांच्या सेवनाला गंभीर अपराध मानले आहे. त्याच ग्रंथाने असेही म्हटले आहे की सवय, भीती, अनावर आसक्ती अशा कारणांनी माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, प्रसंगी ती नाहीशीही होऊ शकते. कृत्य वाईट आहे, एवढ्यावरून कर्त्याचा न्याय होत नाही. जे चांगले करावेसे वाटते ते हातून घडत नाही आणि ज्याचा तिटकारा आहे तेच घडते, ही व्यथा खुद्द संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात मांडली आहे. व्यसनी माणसाला ती कुणी समजावून सांगावी लागत नाही.

या संदर्भात चीनमधील एका संताची मला वारंवार आठवण होते. मार्क जी तियानशियांग हा १८३४ साली जन्मलेला वैद्य. गोरगरिबांवर तो विनामूल्य उपचार करी. पोटाच्या दुखण्यावर इलाज म्हणून त्याने अफू घेतली आणि तो तिच्या कह्यात गेला. तेच पाप घेऊन तो पुन्हा पुन्हा पापनिवेदनाला येई. शेवटी धर्मगुरूंना त्याच्या पश्चात्तापाची शंका वाटली आणि त्यांनी त्याला पापक्षमा नाकारली. सुधारण्याचा निश्चय नसेल तर क्षमा कशी द्यायची, असा त्यांचा विचार होता. व्यसन हा आजारही असतो, हे ज्ञान त्या काळी कुणाला होते? सुमारे तीस वर्षे हा माणूस ख्रिस्तप्रसादाविना राहिला, परंतु त्याने देऊळ सोडले नाही. १९०० साली बॉक्सर बंडात त्याला कुटुंबीयांसह पकडण्यात आले. आपल्या माणसांपैकी कुणालाही एकट्याने मरावे लागू नये, म्हणून 'मला सर्वांत शेवटी मारा' अशी विनंती त्याने केली, असे सांगतात. त्याची अफू अखेरपर्यंत सुटली नव्हती, असेच त्याच्याविषयी सांगितले जाते. १ ऑक्टोबर २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी चीनमधील १२० हुतात्म्यांना संतपद बहाल केले. त्यांत हा अफूबाज वैद्यही होता.

डब्लिनचा मजूर मॅट टॅल्बट याने १८८४ साली दारू सोडली आणि १९२५ साली मरण येईपर्यंत तिला स्पर्श केला नाही. ख्रिस्तसभेने त्याचाही गौरव केला आहे. एकाचे व्यसन सुटले, दुसऱ्याचे सुटले नाही; पण दोघांनीही देवाचे दार सोडले नाही.

तर मग 'तो आजारी आहे, त्याचा काहीच दोष नाही' असे म्हणून मोकळे व्हावे काय? मला तसे वाटत नाही. या वाक्यात दया असते, पण नकळत माणसाचा अवमानही असतो. ज्याला कसलीच जबाबदारी नाही, त्याच्याकडून कसलीच आशाही उरत नाही. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या चळवळीची पहिली पायरी दारूपुढे आपण हतबल आहोत अशी कबुली देण्याची आहे. मात्र ती कबुली ज्याची त्यालाच द्यावी लागते. तल्लफ येणे त्याच्या हाती नसेल; मदतीसाठी हात पुढे करणे पुष्कळदा त्याच्या हाती असते. त्याच्या उरलेल्या स्वातंत्र्याचा हा लहानसा तुकडा आपण त्याच्याकडून काढून घेऊ नये.

पण पुढे आलेला हात धरायला समोर कुणी असावे लागते. येथे प्रश्न आपल्याकडे वळतो. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून जहाजे भरभरून चीनला जात असे आणि त्या पैशावर प्रतिष्ठित घराणी उभी राहिली. त्यांना पापी म्हणून कुणी वाळीत टाकले नाही. वाळीत पडला तो अफू ओढणारा. आजही विकणारा दिसत नाही आणि ओढणारा दिसतो, म्हणून सारा राग त्याच्यावर निघतो. आपल्या लग्नाच्या मांडवात मुलाच्या हाती पहिला पेला देणारे आपणच, आणि पुढे त्याचे पाऊल घसरले की बोट दाखवणारेही आपणच.

घरचे लोक लाजेपोटी सारे लपवतात. उपचारासाठी स्वतःहून पुढे येणाऱ्या व्यसनी व्यक्तीला १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानेही काही अटींवर खटल्यापासून संरक्षण दिले आहे. कायद्याला जे जमले ते आपल्या आळीला का जमू नये? फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये कृपा फाउंडेशनचे काम सुरू केले. हे नाव मला फार अर्थपूर्ण वाटते. कृपा ही लायकी पाहून मिळत नसते.

आणखी एक गोष्ट प्रत्येक घराने लक्षात ठेवावी. काही आठवडे गर्द सुटला की शरीराची सहनशक्ती उतरते. मग पाय घसरून माणसाने पूर्वीइतकीच मात्रा घेतली, तर श्वास मंदावून तो दगावू शकतो. म्हणून केंद्रातून परतलेला मुलगा पुन्हा घसरला, तर 'आता मेलास आम्हाला' असे म्हणून दार लावून घेऊ नये. दार लावण्याची ती रात्र त्याची अखेरची ठरू शकते. दाखल्यातला बाप उधळ्या पुत्राची वाट पाहत होता. तो मुलगा पुन्हा घर सोडून गेला असता, तर बापाने वाट पाहणे थांबवले असते, असे मला वाटत नाही.

त्या माउलीला आज मी एवढेच सांगेन : बाई, पहिल्या झुरक्याला तुमच्या मुलाचे चुकले. पुढे तो आजारी पडला. त्याच्या मनात किती स्वातंत्र्य शिल्लक होते, हे मोजणारा तराजू आम्हा कुणाकडे नाही. तो एका देवाकडे आहे, आणि तो देव तुमच्याइतकाच त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसला होता. आम्ही मात्र त्याच्या मातीला आलो. तो जिवंत असताना तुमच्या घरी आलो नाही. हा दोष त्याचा नव्हे, आमचा आहे.