न केलेल्या कर्माचा दोष

पावसाळ्यात गोमंतकातील गवत व झुडपे इतक्या आवेगाने वाढतात की, त्या हिरवाईत पुढे अग्नी वसणार आहे हे कोणाच्या मनातही येत नाही. परंतु कार्तिक सरला की तेच गवत पिवळे पडते, रानमोडीच्या काटक्या कडकडीत वाळतात आणि माघ-फाल्गुनात एखादी विडीची ठिणगीही डोंगर पेटविण्यास पुरते. मार्च २०२३ मध्ये सत्तरी तालुक्यातील म्हादई अभयारण्यात व इतरत्र लागलेले वणवे आपल्या स्मरणात असतील. ते विझविण्यासाठी नौदलाची व वायुदलाची हेलिकॉप्टरे आणून वरून पाणी ओतावे लागले.

आग लावणारा दोषी, याविषयी दुमत नाही. परंतु ज्याने काडी ओढली नाही, केवळ आपल्या जागेतील रान वाढू दिले, तो निर्दोष म्हणावा काय? हा प्रश्न आपल्यापैकी अनेक कुटुंबांना लागू आहे. उपजीविकेनिमित्त आपण मुंबई-पुण्यास राहतो. गावी वडिलोपार्जित घर बंद आणि सभोवतीचे भाट ओसाड असते. शेजाऱ्याने विचारले तर आपण सहज म्हणतो, “आम्ही तर तेथे काहीच करीत नाही!”

“काहीच केले नाही, तर पाप कशाचे?” ही शंका जुनीच आहे. नित्यकर्म न केल्याने प्रत्यवाय लागतो, असे एक मत आहे. त्यावर श्रीमच्छंकराचार्यांनी गीताभाष्यात आक्षेप घेतला आहे : न करणे हा अभाव, अभावातून दोषरूपी भाव कसा उपजेल? आचार्यांचा हा तर्क आपल्या सोयीचा वाटेल. पण तो येथे लागू पडत नाही. ओसाड भाटात अभाव आहेच कोठे? तेथे गवत दिवसरात्र वाढत असते, वाळत असते, कुंपण ओलांडून पलीकडे झुकत असते. शिवाय आपले स्वामित्वही तेथे अखंड चालू असते. सातबाऱ्यासारख्या कागदांवरील नाव आपण कधी सोडून देत नाही. नारळ आपला, काजू आपला. मग वाळलेले गवत तेवढे कोणाचे?

कायद्यानेही हा विचार फार पूर्वीच केला आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या २८५ व्या कलमात अग्नी वा ज्वालाग्राही पदार्थ यांच्याविषयी केवळ निष्काळजी कृत्यच नव्हे, तर आपल्या ताब्यातील अशा पदार्थापासून मनुष्यजीवितास संभवणारा धोका टाळण्याची पुरेशी व्यवस्था न करणे हाही अपराध मानला होता. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्यायसंहितेच्या २८७ व्या कलमाने घेतली आहे. परंतु दंडाच्या भयाने केलेली सफाई अधिकाऱ्याची पाठ वळेपर्यंतच टिकते. शेजाऱ्याच्या गोठ्यातील गाय आपल्या गवतामुळे होरपळू नये, या जाणिवेने केलेली सफाई हाच धर्म होय.

मग सारे रान भुईसपाट करावे काय? मुळीच नाही. देवराईतील ओलसर पाचोळा जमिनीचा ओलावा राखतो. त्याला हात लावण्याचे कारण नाही. काढावयाचे ते घराभोवतीचे, वाटेच्या कडेचे आणि शेजाऱ्याच्या सीमेलगतचे वाळके गवत व झुडपे. वनखातेही जाळरेषा आखते ती अशाच हेतूने : आगीला पुढे जाण्यास इंधन मिळू नये. मात्र कापलेले तेथेच पेटवून देणे म्हणजे रोगापेक्षा उपचार घातक करणे होय. ते माडापोफळींच्या अळ्यांत घालावे किंवा खतात जिरवावे.

श्रींच्या यज्ञमंडपात अग्नी प्रज्वलित होतो, तो कुंडाच्या मर्यादेत. मर्यादेतील अग्नीला आपण देव म्हणतो, मर्यादा सुटलेल्या अग्नीला वणवा. ती मर्यादा अग्नी स्वतः आखीत नाही. ती मनुष्याला आखावी लागते. म्हणून यंदा जत्रेसाठी गावी येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने श्रींचे दर्शन झाल्यावर आपल्या भाटाची सीमाही एकदा फिरून पाहावी, दोन माणसे लावून ती साफ करून घ्यावी आणि मगच परतीची वाट धरावी. ही सेवाही श्रींच्या चरणी रुजू होईल.