माशाने पाला खाल्ला, तर अपराध कोणाचा?

दया हा शब्द आमच्या संप्रदायात जितका बोलला जातो, तितका तो तपासला जात नाही. कीर्तनात भूतदयेचे निरूपण चालले की माना डोलतात, डोळ्यांस पाणी येते. पण घरी परतल्यावर ती दया दारातल्या गायीपर्यंत, अंगणातल्या कुत्र्यापर्यंत कितपत पोचली, हे पाहावयाचे राहून जाते. म्हणून या महिन्यात एक लहानसा, कोणास पोरकटही वाटेल असा प्रश्न आम्ही विचारास घेत आहोत. हा प्रश्न काचेच्या टाकीतल्या सोनेरी माशाचा, म्हणजे ज्याला बाजारात गोल्डफिश म्हणतात त्याचा आहे.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात, खामगाव-मलकापूरकडे काय किंवा चिखली-मेहकराकडे काय, पुष्कळ घरांच्या बैठकीत आता अशी टाकी दिसते. लेकरांनी हट्ट धरला, आणली. मग टाकी उघडीबोडकी दिसते म्हणून तीत जिवंत वनस्पती लावतात. हिरवा पाला, त्यातून फिरणारा सोनेरी जीव, मोठे रम्य दृश्य! पण आठ दिवस जात नाहीत तोच मासा पाने कुरतडतो, मुळे उपटतो आणि तळ उकरून पाणी गढूळ करतो. मग गृहस्थ कुरकुरतात, "काय सांगू महाराज, एवढ्या हौसेनं झाडं लावली अन् आठ रोजात सारी साफ! लयच द्वाड मासा आहे बाप्पा हा." आणि पुढे प्लास्टिकची पाने आणून तळाशी रोवतात.

आता विचार करा, यात अपराध कोणाचा?

सोनेरी मासा हा कार्प कुळातला. आपल्या तळ्यांत मिळणारे रोहू, कटला, मृगळ हे त्याचे भाऊबंद. सुमारे हजार वर्षांपूर्वी चीन देशात साध्या करड्या माशांतून सोनेरी रंगाचे मासे निवडून निवडून ही जात माणसाने वाढविली. रंग पालटला, कोणाची शेपटी पिसाऱ्यासारखी झाली. पण स्वभाव पालटला नाही. या माशाला आपल्यासारखे जठर नसते. एकदा पोटभर जेवून तो स्वस्थ बसू शकत नाही. थोडे थोडे, दिवसभर, चरत राहणे हाच त्याचा जीवनक्रम. कोवळा पाला हे त्याचे अन्न आणि तळातली वाळू तोंडात घेऊन चाळणे हा त्याचा उद्योग. गाय कुरणात सोडली आणि तिने गवत खाल्ले, तर तिला कोणी चोर म्हणत नाही. मग ताटात वाढावे तसे आपणच अन्न पुढे ठेवायचे आणि खाल्ले म्हणून त्या मुक्या जीवास द्वाड म्हणायचे, हा कोठला न्याय?

येथे नामदेवरायांची कथा आठवते. कुत्र्याने पोळी पळविली, तेव्हा नामदेवराय काठी घेऊन धावले नाहीत. कोरडी पोळी घशात अडकेल म्हणून तुपाची वाटी घेऊन मागे धावले. ही कथा आम्ही शेकडो वेळा ऐकतो आणि ती चमत्कारात जमा करतो. वस्तुतः तीत एक साधी शिकवण आहे. जे गेले ते माझे होते, या हिशेबात नामदेवराय अडकले नाहीत. ज्याने नेले त्याला आणखी काय हवे आहे, एवढेच त्यांनी पाहिले. टाकीतला पाला गेला म्हणून आपण हळहळतो, कारण तो पाला आपण माशासाठी लावलेलाच नव्हता. आपल्या डोळ्यांसाठी लावला होता. आपली शोभा त्याने मोडली, हेच त्याच्याविरुद्धचे आपले गाऱ्हाणे.

आमच्या मते येथेच आवड आणि दया यांची वाट फुटते. आवड म्हणते, हा जीव मला कसा दिसावा? दया विचारते, या जिवाला कसे असावयास हवे? पहिलीला बाजार पुरतो. दुसरीला त्या जिवाचा स्वभाव शिकावा लागतो, आणि स्वभाव शिकणे हे कष्टाचे काम आहे.

जिवाचा स्वभाव आणि त्याचे पाणी यांचे नाते काय असते, हे पाहावयाचे तर आपल्याच जिल्ह्यातले लोणार पाहावे. उल्कापाताने झालेले ते विवर, व्यास सुमारे 1.8 किलोमीटर. तळाशी क्षारांचे सरोवर. अभ्यासकांनी त्याच्या पाण्याचा सामू 10 च्या आसपास मोजला आहे. साध्या पाण्याचा असतो 7. त्या तीव्र पाण्यात डोळ्यांस न दिसणारे शेवाळ मात्र सुखाने वाढते. जून 2020 मध्ये ते सारे सरोवर गुलाबी झाले, तेव्हा लोक भयभीत झाले. पुढे तपासात कळले की क्षार वाढल्यावर फोफावणाऱ्या सूक्ष्म जिवांचा तो रंग. आणि त्याच विवराच्या काठावर गोड्या पाण्याची धार अखंड वाहते, भाविक तीत स्नान करतात. दोन पाणी शेजारी शेजारी, प्रत्येकात निराळी सृष्टी. पांडुरंगाने प्रत्येक जिवास त्याचे त्याचे पाणी नेमून दिले आहे. टाकी भरताना ते नेमून देण्याचे काम आपण आपल्या हाती घेतो, ही केवढी जबाबदारी! संतांनी देवाच्या विरहाला पाण्याबाहेरच्या माशाची उपमा वारंवार दिली. पण पाण्यात असूनही मासा तळमळू शकतो, पाणी त्याच्या जोगते नसेल तर.

म्हणून त्या पाण्यातला व्यवहार थोडा समजून घेऊ. मासा आपल्या कल्ल्यांवाटे आणि विष्ठेवाटे अमोनिया नावाचे विष पाण्यात सोडतो. टाकीतल्या खड्यांवर वसणारे सूक्ष्म जीव त्याचे आधी नायट्राइट आणि मग पुष्कळ सौम्य असे नायट्रेट करतात. ही घडी बसावयास महिना-दीड महिना लागतो; ती बसण्याआधीच मासे सोडले की ते मरतात आणि आपण नशिबाला बोल लावतो. वनस्पती ही घाण खत म्हणून शोषून घेते आणि दिवसा उजेडात प्राणवायू सोडते. एकाचे उच्छिष्ट ते दुसऱ्याचे अन्न, असा हा काल्याचा प्रसादच म्हणा ना! मात्र रात्री वनस्पतीही प्राणवायू घेते. म्हणून पाला दाट लावला म्हणजे हवेचा पंप नको, हा समज खोटा आहे.

आमच्या घाटाखालच्या भागात तर उन्हाळा हा माशाचा काळच. सोनेरी मासा थंड पाण्याचा. 18 ते 22 अंश त्याला मानवते. शेगाव-खामगावकडे वैशाखात पारा 43-44 अंशांवर जातो. आणि पाणी तापले की त्यातला प्राणवायू घटतो: 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम मावतो, 35 अंशांना जेमतेम 7. टाकी उन्हापासून दूर, घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवणे, नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून त्यातला क्लोरीन उडाल्यावर मग थोडे थोडे बदलणे, ही त्या जिवाची खरी पूजा. वाटीएवढ्या गोल भांड्यात त्याला कोंडणे ही विटंबना. नीट सांभाळला तर हा मासा दहा-पंधरा वर्षे जगतो आणि वीतभर वाढतो.

आता पाल्याकडे येऊ. कोणी म्हणेल, "महाराज, वनस्पतीतही जीव आहेच. माशाला खायला द्यावी तर तिची हिंसा, न द्यावी तर माशाची उपासमार. धर्म कोणता?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर प्रत्येक माळकऱ्याच्या अंगणात उभे आहे. आपण तुळशीची मंजिरी खुडतो, पाने खुडतो, विठोबाला वाहतो; पण तुळस उपटीत नाही. खुडलेल्या तुळशीला नवी पालवी फुटते. तोच न्याय येथे लावावा. हायड्रिला म्हणून एक पाणवनस्पती आपल्याकडच्या तळ्यांत आपोआप वाढते. ती दुसऱ्या भांड्यात वाढवावी आणि तिचे शेंडे खुडून माशाला घालावेत. मूळ जगते, मासाही तृप्त होतो. टाकीत कायम राहावी अशी वनस्पती हवी असेल, तर अनुबियास आणि जावा फर्न या जाड, चिवट पानांच्या जाती आहेत. मासा त्यांच्या वाटेस सहसा जात नाही. त्यांचा कंद मात्र वाळूत पुरू नये, कुजतो. दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधावा. असे केले म्हणजे उकरण्याचा माशाचा छंदही चालतो आणि झाडही टिकते. प्रत्येकाला त्याच्या स्वभावाप्रमाणे जागा दिली की भांडण उरत नाही. टाकीत हे जमते, मग चार भावांच्या घरात का जमू नये?

एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. कपाशीच्या शेताकडेच्या नाल्यातला पाला उपटून आणू नये. फवारणीचे विष त्यावर असते आणि माशाला त्याचा अंशही घातक ठरतो.

यापेक्षा कडक आक्षेप असा, की मुळात जीव कोंडावाच का? आम्हास हा आक्षेप मान्य आहे. ज्याच्या घरी टाकी नाही, त्याने केवळ शोभेसाठी ती आणू नये, असेच आम्ही म्हणू. परंतु ज्याच्या घरी मासा आहे, त्याने तो पुण्य म्हणून पैनगंगेत, पूर्णेत किंवा चंद्रभागेत नेऊन सोडू नये. तो तेथला नव्हे. हजार वर्षे माणसाच्या हाती वाढलेला तो जीव, एक तर लगेच मरेल, नाही तर तगून तळ उकरील आणि तेथल्या मूळ माशांचे अन्न-निवारा हिरावील. पुष्कळ देशांत असे घडले आहे. टाकीतला पालाही नदीत टाकू नये. देहू-आळंदीच्या इंद्रायणीवर पसरणारी जलपर्णी आपण वारकरी डोळ्यांनी पाहतो. ती मूळची दक्षिण अमेरिकेची. सुंदर फुलांपायी शोभेची म्हणून या देशात आली. एकाच्या डोळ्यांची हौस, आणि गुदमरली अवघी नदी! सोडून दिल्याने सुटका आपली होते, जिवाची होत नाही. ज्याला आपण आणले त्याचे ऋण त्याच्या अखेरच्या श्वासापर्यंत आपल्यावर राहते.

आणि वारी? शेगावहून श्री गजानन महाराजांची पालखी पंढरीस पायी निघते तेव्हा घर महिनाभराहून अधिक काळ मागे राहते. मोठा मासा आठवडाभर उपाशी तगेल, पाला असेल तर आणखी काही दिवस तगेल; पण महिना नव्हे. उन्हाने आटणारे पाणी कोण भरील? "पांडुरंग पाहील" असे म्हणून कुलूप लावणे ही श्रद्धा नव्हे, आळस आहे. शेजाऱ्यास चार दिवस आधी बोलावून सारे शिकवावे, आणि परत आल्यावर देवाच्या प्रसादाचा पहिला वाटा त्याला द्यावा. तोही न मिळाला, तर? तर घरातल्या एकाने त्या साली मागे राहावे. कठीण वाटते खरे. पण आईबापांच्या सेवेत असताना दारी आलेल्या देवाला विटेवर थांबविणाऱ्या पुंडलिकाचे आपण वारस आहोत. आपल्यावाचून ज्याचे चालत नाही त्याला टाकून गेल्यास, विटेवरचा देव आपणास काय विचारील, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी ठरवावे.

रामकृष्णहरि!