दार्ष्टांतिक स्वतःस लावावे



केसोबासांनी सिद्ध केलेल्या ‘दृष्टांतपाठा’त 114 दृष्टांत आहेत. सूत्र व दृष्टांत सर्वज्ञांचे, दार्ष्टांतिक केसोबासांचे. जात्यंधांनी हत्ती चाचपला. ज्याच्या हाती पाय आला त्यास तो खांबासारखा वाटला, कान आला त्यास सुपासारखा. अवघा हत्ती डोळसालाच कळला. ही कथा ऐकताच आपण इतर मतांतील आंधळे मोजू लागतो! परंतु धानोऱ्यासारख्या गावी नित्य पोथी वाचणाऱ्या वासनिकाने बांधावरून शेजाऱ्याशी वैर धरले, तर शास्त्राचे कोणते अंग त्याच्या हाती आले? केवळ शब्द. अहिंसेचे अंग त्याने चाचपलेच नाही. पाठांतराचा अभिमान वाहणाऱ्या भिक्षुकाचीही तीच गत.

मात्र अंतरी पाहणे म्हणजे जीवासच परमेश्वर मानणे नव्हे. जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न, हा आपला सिद्धांत. अंतरी पाहावयाचे ते आपले विकार व विकल्प. शरण जावयाचे ते परमेश्वरास. विकार दिसल्यावाचून अनुताप नाही, आणि अनुतापावाचून शरणागती कोरडी राहते. म्हणून पोथी बांधण्यापूर्वी क्षणभर थांबावे आणि विचारावे : आज मी कोणते अंग चाचपले, कोणते राहिले?